बारा नावांचं पाकीट

पाकीट आणि मी, आमचं जमत नाही. डोंबिवली ते सीएसएमटी या मार्गावर गेल्या पंचवीस वर्षांत माझी चार पाकिटं मारली गेली. पहिल्या तिघांनी आपला धर्म पाळला. चौथं पाकीट मात्र आठवड्याभराने टपालाने घरी आलं. आत माझं ओळखपत्र, लॉन्ड्रीची पावती आणि सत्तावीस रुपये, सगळं जसंच्या तसं. पाकीटमाराने टपालखर्चसुद्धा पदरचा केला होता.

‘‘बघा,’’ बायको म्हणाली, ‘‘चोरालासुद्धा परवडला नाहीत.’’

अशा माणसाला गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्याच्या सख्ख्या भाच्याने बिटकॉइन घ्यायला लावलं. भाचा हिंजवडीला संगणकात आहे. फराळाचं ताट पुढे येईपर्यंत त्याने माझ्या फोनवरून पाच हजार रुपयांचं बिटकॉइन घेऊनही टाकलं. मी विचारलं, ‘‘किती आले?’’

‘‘शून्य पूर्णांक, शून्य शून्य शून्य सहा दोन पाच.’’

‘‘अरे, पुढे येतात त्या शून्यांचे पैसे कशाला दिले?’’

मग त्याने मला समजावलं की एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात आणि त्या भागाला सातोशी म्हणतात. त्या हिशेबाने मी साडेबासष्ट हजार सातोशींचा धनी झालो होतो. हे ऐकून मला बरं वाटलं. आई चकल्या मोडता मोडता ऐकत होती. ‘‘सातोशी? दापोलीकडचे का रे?’’

‘‘नाही आजी, जपानी नाव आहे. सातोशी नाकामोतो. २००८ साली त्याने ही कल्पना मांडली, २००९ च्या जानेवारीत सुरू केली आणि दोनेक वर्षांत गायब झाला. कोण होता, कुठला होता, कुणालाच माहीत नाही.’’

‘‘आणि त्याच्याकडे आपले पाच हजार दिलेस?’’ आई म्हणाली.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. भाचा म्हणाला, ‘‘मामा, जिथून घेतलं त्या एक्सचेंजवर हे ठेवू नकोस. आता एक चांगलं वॉलेट निवड.’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे ही नाणी पाकिटात ठेवायची.’’

‘‘नाही. नाणी पाकिटात नसतातच.’’

‘‘मग पाकिटात काय असतं?’’

‘‘किल्ली.’’

‘‘मग त्याला किल्ल्यांचा जुडगा म्हण ना! पाकीट काय म्हणतोस?’’

भाच्याने कपाळाला हात लावला आणि मला कळेल असं उदाहरण शोधलं. ‘‘हे बघ, आपल्या गावची जमीन तुझ्या खिशात असते का? नाही. सातबाऱ्यावर नाव असतं. इथे एकच सातबारा आहे आणि त्याच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर आहेत. या उताऱ्यावरचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर सही लागते. ती सही ज्या गुप्त आकड्याने होते, ती किल्ली. वॉलेट फक्त ती किल्ली सांभाळतं.’’

‘‘आणि किल्ली हरवली तर तलाठ्याकडे अर्ज करायचा?’’

‘‘तलाठी नाहीच, मामा. तीच तर गंमत आहे.’’

तलाठी नसलेला सातबारा, ही गंमत आहे की धोका, यावर आमच्या गावात अख्खी निवडणूक लढवता येईल. पण भाच्याला घाई होती. त्याने मला इतिहास ऐकवायला सुरुवात केली. टोकियोत माउंट गॉक्स नावाचं जगातलं सगळ्यांत मोठं एक्सचेंज होतं. २०१४ साली ते बुडालं, सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेले. त्यातले दोन लाख पुढे त्यांच्याच एका जुन्या पाकिटात सापडले. आपल्याला जुन्या कोटाच्या खिशात पन्नासची नोट सापडते, तसे. कॅनडात क्वाड्रिगा नावाचं एक्सचेंज होतं. त्याचा मालक जेराल्ड कॉटन २०१८ च्या डिसेंबरात आपल्या जयपूरला आला आणि तिथेच वारला. किल्ल्या एकट्या त्याच्याकडे होत्या, म्हणून हजारो ग्राहक हवालदिल झाले. पुढे चौकशीत निघालं की त्याने पैसे आधीच उडवले होते. किल्ली मिळाली असती तरी तिजोरीत झुरळंच निघाली असती. आणि २०२४ च्या जुलैत भारतातल्याच एका एक्सचेंजमधून तेवीस कोटी डॉलरच्या वर रक्कम चोरीला गेली.

‘‘म्हणून क्रिप्टोवाल्यांचा मंत्र आहे, मामा. किल्ली आपली नसेल तर नाणंही आपलं नाही.’’

हे मला लगेच पटलं. आमच्या एका काकांची ठेव एका सहकारी बँकेत अडकली होती, तेव्हा ते बँकेच्या बंद शटरसमोर उभे राहून हेच म्हणाले होते. फक्त त्यांचे शब्द छापण्यासारखे नव्हते.

मग मी फोनमध्ये वॉलेट घेतलं. फोनवरचं ते ‘गरम’ वॉलेट, कारण ते इंटरनेटला जोडलेलं असतं. जोडलेलं नसतं ते ‘थंड’. आमच्या घरात सगळ्या वस्तूंची अशीच वर्गवारी असल्यामुळे आईला हे बरोबर समजलं. ‘‘तुझी प्रकृती पित्ताची, तुला थंडच चांगलं,’’ असा तिने सल्लाही दिला. तो मी तेव्हा ऐकला असता तर!

एक्सचेंजमधून फोनमध्ये नाणी आणायचे चारशे रुपये गेले. मी भाच्याला फोन केला. ‘‘अरे, पाच हजारांना चारशे?’’ तो म्हणाला, ‘‘पाच कोटी असते तरी साधारण तेवढेच पडले असते. इथली फी रकमेवर नसते, व्यवहाराला त्या सातबाऱ्याच्या वहीत किती जागा लागते त्यावर असते.’’ थोडक्यात, ही रिक्षा होती. आत शेटजी बसो की आमच्यासारखा कारकून, मीटर सारखंच पडणार.

वॉलेट उघडताच पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले. खाली सूचना: हे शब्द याच क्रमाने कागदावर लिहून घ्या. फोन हरवला, जळाला, समुद्रात पडला, तरी हे बारा शब्द असले की सगळं परत मिळेल. आणि हे बारा शब्द दुसऱ्याला मिळाले की सगळं त्याला मिळेल. स्क्रीनशॉट काढू नका.

मी स्क्रीनशॉट काढला. चष्मा सापडत नव्हता.

हे शब्द कुठून येतात, ते भाच्याने मला नंतर सांगितलं. २०१३ साली कुणा चार शहाण्यांनी २०४८ शब्दांची एक यादी ठरवून दिली. त्यातूनच शब्द निघतात. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांत ओळखता येतो, दोन शब्दांचा गोंधळ होत नाही. यादीत खुद्द ‘सातोशी’ हाही एक शब्द आहे. शेवटचा शब्द ‘झू’, म्हणजे प्राणिसंग्रहालय. आणि पहिलाच शब्द ‘अबँडन’, म्हणजे ‘नाद सोडा’. इतका स्पष्ट इशारा शेअरबाजारसुद्धा देत नाही. या यादीच्या जपानी, कोरियन, स्पॅनिश, चेक वगैरे आवृत्त्या आहेत, मराठी नाही. २०२४ साली अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेवर हा अन्याय आहे, असं माझं आधी मत झालं. मग विचार केला, झाली असती मराठी यादी तर काय झालं असतं? पहिली दोन वर्षं समिती ह्रस्व-दीर्घावर बसली असती. आणि पुढे लोकांचे लाखो रुपये वेलांटी चुकली म्हणून अडकले असते.

असो. संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. दिवाणखान्यात वीस-पंचवीस बायका, तिळगूळ, अत्तर, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. आमचा टीव्ही मुलाने माझ्या फोनला जोडून ठेवला आहे. कुणी पाहत नसलं की तो आपण होऊन फोनमधले फोटो दाखवत बसतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गेली, नातीचं बोरन्हाण गेलं आणि त्यामागोमाग छप्पन्न इंची पडद्यावर माझे बारा शब्द येऊन उभे राहिले. मी आतल्या खोलीत होतो. बाहेरून एकीचा आवाज आला, ‘‘अय्या, हा नवीन खेळ आहे का? या शब्दांत उखाणा घ्यायचा?’’

मी बाहेर धावेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या राहिल्या होत्या. ‘‘मँगोचा केला मुरंबा, पिझ्झ्यावर घातला सॉस, अमुकरावांचं नाव घेते, पण घरात मीच बॉस!’’

बारापैकी चार शब्द त्यांनी एका दमात बसवले होते. टाळ्या पडल्या. उरलेले आठ इतरांनी वाटून घेतले. माझी किल्ली अख्ख्या बिल्डिंगच्या सौभाग्यवतींना वाण म्हणून लुटली गेली.

त्याच रात्री भाच्याने फोनवरून फर्मावलं, ‘‘ते पाकीट सोड. आता हार्डवेअर वॉलेट घे.’’ हे म्हणजे पेनड्राइव्हच्या चणीचं एक यंत्र. किल्ली त्याच्या पोटात राहते आणि इंटरनेटला कधीही दिसत नाही. सही आतल्या आत होते. पहिलं असं यंत्र २०१४ साली प्रागमध्ये निघालं. ते थेट कंपनीकडूनच घ्यायचं, कुणाचं वापरलेलं घ्यायचं नाही. कारण आधीच्या मालकाने बारा शब्द स्वतः ठरवून ठेवले असतील तर आपण बचत करणार आणि तो खर्च करणार. हा प्रकार मला नवा नव्हता. मी विवाहित आहे.

यंत्राची किंमत साडेआठ हजार रुपये. बायकोने बिल पाहिलं. ‘‘आत किती आहेत?’’

‘‘चार हजार सहाशे होते. पण ते यात हलवायला दोनशे जातील.’’

‘‘म्हणजे चार हजार चारशेला साडेआठ हजारांचं पाकीट.’’

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ती बोलली नाही. ती फक्त स्वयंपाकघरात गेली आणि तिने मसाल्याचा डबा जरा जोरात ठेवला.

यंत्र आलं, तशी शंकांची रांग लागली. मेव्हणा म्हणाला, ‘‘भावोजी, एकट्याच्या हातात किल्ली ठेवू नका. मल्टिसिग करा. तीन किल्ल्या करायच्या, त्यांतल्या कुठल्याही दोन लागतील. एक तुमच्याकडे, एक ताईकडे, एक माझ्याकडे.’’ कल्पना उत्तम होती. पण आमच्या सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या तिघांतल्या दोघांच्या सह्या लागतात. गेल्या उन्हाळ्यात अध्यक्ष न्यू जर्सीला मुलीकडे होते आणि सचिव-खजिनदार गच्चीतल्या गळतीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. पंपाचं बिल थकून आम्ही दोन महिने बादलीने पाणी भरलं. शिवाय तीनमधले दोन म्हणजे ती आणि तिचा भाऊ, हे गणित मलाही येतं. मी नम्रपणे नकार दिला.

नव्या यंत्राने नवे बारा शब्द दिले. या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, चष्मा शोधला, पडदे ओढले आणि ते कागदावर उतरवले. इंग्रजी अक्षर पाहून चोराला संशय येईल म्हणून देवनागरीत. आता प्रश्न आला कागद ठेवायचा कुठे.

आपल्याकडे पैसा लपवण्याची थोर परंपरा आहे. माझी पणजी लुगड्याच्या कनवटीला ठेवायची, आजी तूरडाळीच्या डब्यात, आई गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या घडीत. तिघींचाही एक छदाम कधी चोरीला गेला नाही. पण आजीचे शंभर रुपये तिच्या बाराव्या दिवशी सापडले, तेही वरणात. थोडक्यात, आपण लपवतो ते चोरापासून आणि सापडत नाही ते आपल्याला. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावच्या जेम्स हॉवेल्सचं तेच झालं. २०१३ साली त्याची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तीत सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. तो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या मागे लागला होता की मला कचराडेपो उकरू द्या. शेवटी २०२५ च्या जानेवारीत कोर्टानेही त्याला वाटेला लावलं.

‘‘आपला रद्दीवाला निदान किलोमागे पैसे देतो,’’ बायको म्हणाली. तिच्या मते या बिटकॉइनच्या इतिहासात एकच माणूस शहाणा. फ्लोरिडाचा लॅझ्लो हानयेत्झ. त्याने २२ मे २०१० ला दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मागवले. ‘‘जग त्याला हसतं. पण त्याच्या पोटात तरी गेलं.’’

मी मात्र कागद देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला. पोथीला आमच्या घरात आई सोडून कुणी हात लावत नाही आणि आईला इंग्रजी येत नाही. त्या रात्री मी निर्धास्त झोपलो.

पण निर्धास्तपणा मला फार दिवस सोसत नाही. पंधरा दिवसांनी वाटू लागलं, डोंबिवलीच्या चोराला देवनागरी येतच असणार. समोर राहणारे सर निवृत्त शिक्षक आहेत आणि मोडी लिपीचे वर्ग घेतात. मी पंधरा दिवसांचा वर्ग केला, बारा शब्द मोडीत उतरवले, मूळ कागदाचे कपटे करून ते दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकले आणि मोडीचा कागद त्याच पोथीत ठेवला. यंत्राला चार आकडी पिन लागतो. तो म्हणून लग्नाची तारीख घालणार होतो, पण मग वाटलं, तारीख चोर शोधून काढेल. तिथी नाही काढू शकणार. आमचं लग्न ज्येष्ठ शुद्ध सप्तमीचं. यंत्र घेतलं त्या वर्षी ती तिथी ज्या तारखेला येत होती, ती घातली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी यंत्र कपाटात ठेवलं आणि वर्षभर विसरलो.

त्या वर्षात आई पूजेच्या वेळी काहीतरी नवीनच पुटपुटायला लागली होती. पण तिला भजनी मंडळात दर महिन्याला नवीन स्तोत्र मिळतं. मी लक्ष दिलं नाही.

वर्षाने पेपरात बातमी आली की बिटकॉइन वधारलं. मी यंत्र काढलं आणि पिनपाशी अडलो. शिवजयंतीपुरता वाटणारा तारीख-तिथीचा वाद माझ्या कपाटात येऊन बसला होता. आधी लग्नाची तारीख घातली: चूक. मग कॅलेंडर काढून यंदाच्या तिथीची तारीख घातली: चूक. यंत्राने बजावलं, तिसऱ्यांदा चुकलात तर मी सगळं पुसून टाकीन. मला त्या स्टीफन थॉमसची आठवण झाली. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये ७,००२ बिटकॉइनची किल्ली आहे. पासवर्ड दहा वेळा चुकला की तो कायमचा बंद, आणि आठ वेळा त्याने चुकवला होता. तो थांबला. म्हणून तो प्रसिद्ध झाला. मी थांबलो नाही. तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस मागे येते, या हिशेबाने यंदाच्या तारखेत अकरा दिवस मिळवले आणि बटण दाबलं.

यंत्र पुसलं गेलं.

‘‘मध्ये अधिक महिना होता की हो,’’ बायको म्हणाली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो माझ्या वाट्याला असा आला.

भाच्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, ‘‘घाबरू नकोस मामा. यंत्र पुसलं तरी नाणी वहीतच आहेत. बारा शब्द आण.’’ मी दिमाखात पोथी उघडली, मोडीचा कागद काढला आणि वाचायला लागलो. मला स्वतःचं मोडी वाचता येईना. शिवाय कागदावर अभिषेकाचं तीर्थ सांडलेलं. शेवटी सरांना बोलावलं. सरांनी भिंग लावलं.

‘‘मोडीत हात न उचलता लिहायचं असतं, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते कळत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘त्यात तुम्ही अनुस्वार गाळलेत. पण मधलं लागतंय. हं... ‘अक्कल’. पुढे ‘नास्ति’. मग ‘डोकी’.’’

‘‘अक्कल नास्ति डोकी?’’ बायकोने विचारलं.

‘‘स्वच्छ लिहिलंय,’’ सर म्हणाले. ‘‘कुणाची सनद आहे ही?’’

भाचा जमिनीवर बसून हसत होता. ‘‘अंकल! नॅस्टी! डाँकी! मामा, तीन शब्द मिळाले.’’ पण बाकीचे तीर्थात विरघळले होते.

आम्ही असे सुतकी चेहरे करून बसलो असताना देव्हाऱ्यातून आईचा आवाज येत होता. संथ, एका लयीत. ‘‘ॐ इति... कराल... अंब्रेला... गौरीला... अंकल नास्ति डोंकी...’’

भाच्याने हसायचं थांबवलं. मी उभा राहिलो.

‘‘आई, हे काय म्हणतेस?’’

‘‘तुझंच की,’’ आई म्हणाली. ‘‘गेल्या वर्षी पोथीत कागद सापडला. बारा नावं, पुढे आकडे घातलेली. तू जन्मात कधी पोथीला हात लावला नाहीस. म्हटलं, कुण्या गुरूने दिलं असेल. गणपतीची बारा नावं नाहीत का, तसंच. तू काही म्हणणार नाहीस, हे मला माहीत होतं. मग तुझ्या वतीने मीच म्हणते. तीन त्रिकाळ.’’

‘‘आजी,’’ भाचा गहिवरून म्हणाला, ‘‘याला सीड फ्रेज म्हणतात. सीड म्हणजे बीज.’’

‘‘मग बीजमंत्रच म्हण ना,’’ आई म्हणाली.

भाच्याने यंत्र जोडलं. आई म्हणेल तशी तो पहिली चार अक्षरं दाबत होता. ‘ॐ इति’ म्हणजे ओमिट. ‘कराल’ म्हणजे कोरल. ‘गौरीला’ म्हणजे गोरिला. नवव्या शब्दाला आईने डोळे मिटून, हात जोडून ‘श्रीं’ म्हटलं. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. श्रिंप. कोळंबी. आमच्याकडे श्रावण कडक पाळतात. सबंध श्रावणभर आईने देवासमोर दिवसातून तीनदा कोळंबीचा उच्चार केला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो शब्द ती टाकेल आणि माझं पाकीट उपाशी मरेल.

अकरा शब्द झाले. बाराव्याला आई म्हणाली, ‘‘वन.’’ भाच्याने ‘वन’ घातला.

यंत्राने नाकारला.

‘‘चुकलंय काहीतरी,’’ भाचा म्हणाला. ‘‘शेवटच्या शब्दात पडताळणीचा आकडा दडलेला असतो. पहिले अकरा बरोबर असतील तर २०४८ शब्दांतले १२८ शब्दच तिथे बसतात. ‘वन’ त्यात बसत नाही. आजी, नक्की ‘वन’च होता?’’

आई गप्प.

‘‘आई, आठव ना.’’

‘‘आठवायचं काय त्यात?’’ आई जरा रागावूनच म्हणाली. ‘‘कागदावर ‘झीरो’ लिहिलं होतं. झीरो म्हणजे शून्य, एवढं इंग्रजी मला येतं. शुभ गोष्ट कुणी शून्यावर संपवतं का? आहेर आपण शंभर करतो का? एकशे एक करतो. म्हणून मी शेवटी ‘वन’ म्हणायला लागले. तुझ्याच भल्यासाठी.’’

भाच्याने ‘झीरो’ दाबलं. यंत्र हिरवं झालं. पडद्यावर आकडा आला. सुरुवातीला तीन शून्यं होती, पण त्यांच्यामागे आमचं होतं नव्हतं ते सगळं होतं. बायकोने देवाला साखर ठेवली. सर म्हणाले, ‘‘मोडी वाया गेली नाही.’’

मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, ‘‘आजी, हे मोठ्याने म्हणायचीस?’’

‘‘मोठ्याने म्हणजे, गुरुवारी भजनी मंडळात म्हणते. त्यांनाही आवडलं. सगळ्यांचं पाठ आहे.’’

भाच्याने डोकं धरलं. आता पुन्हा नवं पाकीट, नवे शब्द, पुन्हा वर्षभर पाठांतर. मग एकदम त्याचे डोळे चमकले. ‘‘नको! एक उपाय आहे. बारा शब्द तेच ठेवायचे, वर आपला एक जास्तीचा शब्द लावायचा. तो लावला की एक वेगळंच पाकीट उघडतं. नुसत्या बारा शब्दांनी मंडळातल्या कुणी उघडलं तर आत काहीच दिसणार नाही. त्याला तेरावा शब्द...’’

‘‘तेरावं-बिरावं माझ्या घरात बोलायचं नाही,’’ आई कडाडली.

‘‘बरं, वरचा शब्द म्हणू.’’

‘‘वरचा चालेल. वरचा रुपया असतो तसा,’’ आई निवली. ‘‘म्हणजे झीरो म्हणून झालं की वर वन म्हणायचं ना? पण हे मंडळाला सांगणार नाही हो मी. आहेराचं पाकीट ज्याचं त्याने भरायचं असतं.’’

नाणी त्या नव्या पाकिटात हलवायला पुन्हा दोनशे रुपये गेले. आता विकायची म्हटली तर विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जाईल, नफा निघाला तर त्यावर तीस टक्के कर. आणि हा सगळा प्रवासखर्च, यंत्र, मोडीच्या वर्गाची फी, यांतलं काहीही वजा मिळत नाही. म्हणून विकत नाही. सांभाळतो.

परवा लोकलमध्ये पुन्हा खिसा कापला गेला. घरी आलो तर आई देव्हाऱ्यासमोर होती. बारावं नाव झालं, तशी ती थांबली, मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि मग अगदी पुटपुटत, आहेराच्या पाकिटाला नाणं चिकटवावं तसं, वरचं एक तिने हलकेच लावलं.